कुलूपबंद लॅपटॉपातली त्रेपन्न गिऱ्हाइकं

जबाब

दिनांक १२ मार्च. वेळ सकाळी ११.१०.

जबाब देणार: टायपिस्टबाई (सर्वत्र याच नावाने परिचित). वय ६३ वर्षे. व्यवसाय: सेवानिवृत्त टंकलेखिका, सध्या घरी टायपिंगची कामे. राहणार: दवाखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

आज रोजी ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर झाले आहे. टेलर मास्तरांच्या मुलीने दिनांक ९ मार्च रोजी माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. मी मास्तरांचा लॅपटॉप व त्यातील पुस्तकाचा मजकूर अडवून ठेवला आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याबाबत विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

मी वरील ठिकाणी एकटी राहते. खालच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण तिच्या कुटुंबासह राहते. मी चौतीस वर्षे कचेरीत टंकलेखिका होते. त्यांतली अकरा वर्षे अशाच जबाबांच्या प्रती टाइप करण्यात गेली. त्यामुळे जबाब कसा द्यायचा असतो हे मला शिकवू नये, असे मी जमादारांना सुरुवातीलाच सांगितले. जमादार म्हणाले, "बाई, तेही लिहू का?" मी म्हणाले, लिहा.

टेलर मास्तरांचे वय ७६ वर्षे आहे. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे शिलाईचे दुकान आहे. जमादारांनी येथे "सदर इसम" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मास्तरांना कोणी इसम म्हणत नाही.

ज्यांच्या अंगात काही फरक असतो, म्हणजे पाठीला बाक, एक खांदा खाली, एक हात आखूड, अशा लोकांचे कपडे शिवण्यात मास्तरांचा हातखंडा होता. अशा गिऱ्हाइकाला ते मागच्या खोलीत नेत, पडदा ओढत आणि माप घेत. ते माप वहीत लिहीत नसत. "दुसऱ्याच्या अंगाची गोष्ट वहीत कशाला?" असे ते म्हणत. सगळी मापे त्यांच्या डोक्यात होती. कापण्यापासून बटणापर्यंत ते काम ते एकटेच करत. दुकानातले बाकीचे काम त्यांची मुलगी, वय ४१ वर्षे, मशीनवर करत असे.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांची नजर मंद झाली. कपडे ते हाताच्या अंदाजाने कापत, पण वाचणे-लिहिणे बंद झाले. आपल्यामागे हे सगळे कोणाला कळणार, म्हणून पुस्तक करायचे त्यांनी ठरवले. त्यांनी सांगायचे आणि मी टाइप करायचे. त्यासाठी त्यांनी हा लॅपटॉप घेतला. पावती त्यांच्या नावाची आहे, हे मला मान्य आहे. पुस्तकात कोणाचेही नाव घालायचे नाही, अशी त्यांची पहिली अट होती. गिऱ्हाईक पहिले, गिऱ्हाईक दुसरे, अशी त्रेपन्न गिऱ्हाइके त्यांनी सांगितली. दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी चार ते सहा ही आमची वेळ असे. आम्ही मागच्या खोलीत बसत असू व पुढे दुकानात मुलीचे मशीन चालू असे, त्यामुळे आतले तिला ऐकू येत नसे.

लॅपटॉप आणला त्या दिवशी दुकानदाराने पासवर्ड घालायला सांगितले व सभ्यपणे तोंड फिरवले. मी बोटांना सुचला तो घातला. मी टाइप करताना खाली बघत नाही. आमच्या शिकवणाऱ्या बाई खाली बघितले की बोटांवर पट्टी मारत, त्यामुळे वयाच्या अठराव्या वर्षापासून मी कळफलक पाहिलेलाच नाही. पडद्यावर तर नुसते ठिपके उमटतात. म्हणजे पासवर्ड काय आहे ते माझ्या बोटांना माहीत होते. मला विचाराल तर मला ते कधीच माहीत नव्हते. दोन वर्षे आठवड्यातून दोनदा घातला, एकदाही अडले नाही. कुठेही लिहून ठेवला नाही.

(दुपारी १२.४० वाजता जबाब थांबवला. १२.५० वाजता पुढे सुरू.)

येथून पुढचा मजकूर मी स्वतः टाइप करत आहे. त्याचे कारण असे की वरचा मजकूर टाइप करायला जमादारांना दीड तास लागला. ते एका बोटाने टाइप करतात व प्रत्येक अक्षर हरवलेल्या सुईसारखे शोधतात. मी म्हणाले, "जमादार, उठा. मी करते."

ते म्हणाले, "बाई, जबाब देणाऱ्यानं स्वतः टाइप करायचा नसतो."

"मग बसा संध्याकाळपर्यंत ळ शोधत. सांगणारी मीच, टाइप करणारी मीच. पदरचं काय घालणार आहे मी?"

जमादार आत साहेबांना विचारून आले. साहेबांनी मान हलवली असे ते म्हणाले. शेवटी ते मला मोठ्याने वाचून दाखवतील, असे ठरले. अर्जदार मुलगी भिंतीजवळच्या बाकावर बसून आहे. तिनेही हरकत घेतली नाही.

दिनांक ९ जानेवारी रोजी मास्तरांनी शेवटचे, त्रेपन्नावे गिऱ्हाईक सांगितले. मजकूर एकदा तपासून देते, असे सांगून मी लॅपटॉप घरी आणला. १४ जानेवारीला सकाळी सात वाजता मी आमच्या जिन्यात घसरले. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर घातले.

२० जानेवारीला मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता आणि माझा गळ्यात बांधलेला होता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग स्वतःच्या. त्यांना हसू आल्यासारखे वाटले. दोन वर्षे ज्या माणसाने स्वल्पविराम, पूर्णविरामासकट मला सगळे सांगितले, तो आता नुसता "हं" म्हणतो. मी पंधरा मिनिटे बसले व परत आले.

त्या दिवशी घरी येऊन मी डाव्या हाताने लॅपटॉप उघडायला बसले. उघडला नाही. डाव्या हाताला त्याचा स्वतःचा वाटा माहीत आहे, उजव्याचा माहीत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की या पुस्तकाची दुसरी प्रत नाही. चौतीस वर्षे कार्बन लावल्याशिवाय मी मशीनवर कागद चढवला नाही, आणि मास्तरांच्या दोन वर्षांच्या बोलण्याची एकही प्रत केली नाही. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, येथे टाइप करत नाही.

२५ फेब्रुवारीला प्लॅस्टर निघाले. बोटे ताठ झाली होती. तरी वाटले, आता उघडेल. नाही उघडला. आधी मी कळफलकाला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडे. मग लक्षात आले की बोटे ठेवली की डोके मध्ये येते. आता कुठले, असे डोक्याने विचारले की बोटे गप्प. दोन दिवसांत अकरा वेळा चुकले. दर चुकीनंतर तो जास्त वेळ थांबायला लावू लागला.

२८ फेब्रुवारीला मी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "मावशी, मशीन दहा मिनिटांत चालू करून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. आतलं हवं असेल तर पासवर्ड तुम्हीच आठवा. आणि असंच चुकत राहिलात तर ते एक लांबलचक आकडा मागायला लागेल. तो आकडा कुठाय?"

मी म्हणाले, मला काय माहीत.

"मग आता हात लावू नका," तो म्हणाला. मी तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला व त्यानंतर हात लावला नाही.

आता अर्जातल्या मुद्द्याबद्दल. मास्तरांची मुलगी माझ्याकडे २, १० व १९ फेब्रुवारी आणि ३ मार्च अशी चार वेळा आली. "मावशी, झालं का?" असे तिने विचारले. "शुद्धलेखन चाललंय गं, घाई केली की चुका राहतात," असे मी चारही वेळा सांगितले. हे खोटे होते. माझी बहीण म्हणाली, "ताई, सरळ सांगून टाक ना. ती काय खाणार आहे तुला?" मी म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. बहीण म्हणाली, "मुठीत काही असेल तर ना."

टायपिस्टबाईला पासवर्ड आठवत नाही, याचे गल्लीत हसू झाले असते, हे एक कारण झाले. पण ते खरे कारण नव्हे. खरे कारण असे की तिच्या वडिलांचे बोलणे आता जगात फक्त त्या डब्यात उरले आहे आणि ते माझ्याच हातून गेले, हे तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मला भीती वाटत होती. ६३ व्या वर्षी, शाळेत वाटते तशी.

३ मार्चला ती जिन्यात थांबली व तिने मला रुग्णालयातल्या लिफ्टवाल्याबद्दल सांगितले. त्याच्या पाठीला बाक आहे. वीस वर्षे त्याचे कोट मास्तरांनी शिवले. या वेळी तिने शिवला. मागून वर चढला, खांद्यावर फुगला. "तो काही बोलला नाही मावशी," ती म्हणाली, "अंगात घातला आणि थँक्यू म्हणून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. मला फक्त त्याचं एक पान द्या. बाकीचं सावकाश करा." मी म्हणाले, सोमवारी ये.

सोमवारी, म्हणजे ९ मार्चला, ती सकाळी दहा वाजता आली. तिने तीन वेळा बेल वाजवली. मी घरात होते. दार उघडले नाही. त्यानंतर ती येथे आली व तिने अर्ज दिला. तिच्या जागी मी असते तर दोन फेब्रुवारीलाच दिला असता.

(दुपारी १.३५ वाजता पुन्हा थांबवला. २.२० वाजता पुढे सुरू.)

मधल्या वेळात जे घडले ते जबाबात घ्यावे, असे साहेबांचे म्हणणे पडले. ते असे.

मी वरचा परिच्छेद टाइप करत असताना जमादार मुद्देमालाचा रकाना भरत होते. लॅपटॉप मी येताना बरोबर आणला होता व तो टेबलावर होता. नंबर सापडेना म्हणून जमादारांनी तो चालू केला. चार्जर त्यांनीच लावला. मग माझ्या खांद्यावरून त्यांनी मी टाइप केलेले वाचले व म्हणाले, "बाई, एवढे स्वल्पविराम कशाला?" स्वल्पविराम हा माझ्या आवडीचा विषय आहे. मी त्यांच्याकडे मान वळवली व म्हणाले, "वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा लागते, जमादार. तुमचा मजकूर वाचताना धाप लागते." तेवढ्यात त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला व "हे काहीतरी मागतंय बघा," असे म्हणाले. मी त्यांच्याशी बोलतच होते. बोलता बोलता मी पासवर्ड घातला आणि एंटर दाबले. मग परत ठाण्याच्या कळफलकाकडे वळून पुढची ओळ सुरू केली.

बाकावरून मुलगी उठली. "मावशी, उघडलं."

मी म्हणाले, "काय उघडलं?"

प्लॅस्टर निघाल्यापासून मी एक ओळही टाइप केली नव्हती. बोटांना त्या एका पासवर्डाशिवाय दुसरे काही करूच दिले नव्हते. आज त्यांना जबाबाचे काम मिळाले, हात बसला, आणि डोके जमादारांशी भांडण्यात गुंतले होते. दुसरा काही चमत्कार नाही. लक्षात आले असते तर मी हातच लावला नसता. पासवर्ड काय होता ते मला अजूनही माहीत नाही. जमादारांनी विचारले, त्यांनाही मी हेच सांगितले. दुरुस्तीवाल्याला फोन करून बोलावले आहे. तो येईपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही व त्याच्या वायरीला कोणी पाय लावायचा नाही, असे ठरले आहे.

मजकूर जसाच्या तसा आहे. आधी पेनड्राइव्हवर दोन प्रती करून घेतल्या. एक मुलीकडे, एक माझ्याकडे. त्यानंतरच मी पाणी प्यायले.

मुलीने पहिल्यांदा लिफ्टवाल्याचे पान मागितले. ते गिऱ्हाईक सतरावे. मागची बाजू दीड इंच लांब, पुढची आखूड, बाह्या किंचित पुढे वळवून लावायच्या, असे सगळे त्यात होते. शेवटी मास्तरांनी सांगितले होते: "याला सरळ उभं राहा असं म्हणू नये. तो सरळच उभा असतो." तिने ते दोनदा वाचले व अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मापे उतरवून घेतली.

मग ती म्हणाली, "शेवटचं वाचा ना. बाबा शेवटी काय बोलले ते."

मी वाचले. टाइप करताना मजकूर माझ्या कानातून बोटांत जातो, डोक्यात थांबत नाही. त्यामुळे ९ जानेवारीला मीच टाइप केलेले ते पान मीही आज पहिल्यांदाच ऐकले. साहेबांच्या सांगण्यावरून ते येथे उतरवत आहे.

"गिऱ्हाईक त्रेपन्नावं. सात वर्षांची असताना पहिल्यांदा लक्षात आलं. डावा खांदा पाव इंच खाली. सोळाव्या वर्षापर्यंत पाऊण इंच झाला, मग थांबला. डाव्या खांद्याच्या आत कापडाची एक घडी जास्त घालायची, चार टाक्यांनी बसवायची. खिसा डावीकडे, नेहमीपेक्षा थोडा वर. माप कायम पाठमोरं घ्यायचं, आरशासमोर नाही. एकदा तिनं बाजारातून तयार शर्ट आणला, पिवळा. तिरका बसला. म्हणाली, किती वाईट शिवतात हे लोक. मी म्हटलं, हो. या गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. गरज पडली नाही. पुढे तिचे कपडे तिलाच शिवावे लागतील, म्हणून इथे सांगितलं. हे आधीच सांगायला हवं होतं. पूर्णविराम."

वाचून झाल्यावर मुलगी टेबलाला हात लावून उभी होती.

"पिवळा शर्ट मी आणला होता," ती म्हणाली. "नोकरीच्या मुलाखतीसाठी. परत नेऊन दिला. दुकानदाराशी भांडले मी त्या दिवशी."

मी म्हणाले, "बस जरा."

ती बसली नाही. म्हणाली, "मावशी, लिफ्टवाल्याचा कोट शिवायचा होता ना, तेव्हा बाबांच्या हातचा नमुना हवा म्हणून मी माझाच एक शर्ट उसवला. डाव्या खांद्यात घडी निघाली. ती घडी मी रोज इस्त्री करते, पण कधी विचार केला नव्हता. मला वाटलं, सापडली. बाबांची युक्ती सापडली. तीच घातली मी त्याच्या कोटात." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर हात धरला. "युक्ती नव्हती हो ती. ती मीच होते."

जमादार आपण होऊन बाहेर गेले व त्यांनी दार लोटून घेतले. तिच्या गळ्यात टेप होता, तो दुकानातून येताना काढायचा राहिला होता. तिने टेपाचे टोक पायाखाली दाबून धरले, कॉलर सैल केली आणि ताठ उभी राहिली. मी दोन्ही खांद्यांची जमिनीपासूनची उंची शर्टाच्या आतून मोजली. आधी उजवा, मग डावा. मग तिने पुन्हा मोजायला लावले.

"किती?" तिने विचारले.

फरक पाऊण इंच आहे. मास्तरांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे.

अर्जदार मुलीने तिचा अर्ज मागे घेतला आहे. माझे कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही. हा मजकूर दुपारी ३.०५ वाजता जमादारांनी मला व अर्जदार मुलीला मोठ्याने, स्वल्पविरामांवर थांबत वाचून दाखवला. त्यात पदरचे काही घातलेले नाही व सांगितलेले काही गाळलेले नाही. खालची सही मी माझ्या उजव्या हाताने केली आहे.